टर्बो हॅचबॅक घेताय? टेस्ट ड्राइव्ह हायवेला नको, यवतेश्वरच्या घाटात घ्या

साताऱ्यात कुणी स्पोर्टी हॅचबॅक बघायला गेलं की ठरलेलं असतं, शोरूमवाला गाडी बाहेर काढणार, सर्व्हिस रोडवरनं हायवेला आणणार आणि म्हणणार, दाबा आता. दाबली की पाठ सीटला चिकटते, इंजिनचा आवाज अंगात शिरतो, आणि माणूस मनातल्या मनात तिथंच बुकिंग करून मोकळा होतो. माझ्या पहिल्या टर्बो गाडीच्या वेळी मी अगदी हेच केलेलं. डिलिव्हरी घेतल्यावर पहिल्याच रविवारी आई, बायको, दोन पोरं घेऊन कासला निघालो, समर्थ मंदिराकडनं वर चढलो, यवतेश्वरच्या एका उलट्या वळणावर समोरनं एसटी आली म्हणून स्पीड कमी केला, दुसरा गिअर होता, एसटी गेली, अॅक्सिलरेटर दिला आणि गाडी हललीच नाही हो. म्हणजे बंद नाही पडली पण एकदम मेल्यासारखी झाली, मागचा जीपवाला हॉर्न वाजवतोय, आई विचारतीय काय झालं, आणि दोनेक सेकंदांनी गाडी एकदम झेपावली. तेव्हा कळलं की मी जी गाडी तपासली ती हायवेची होती आणि वापरणार मात्र होतो घाटात.

आता भाच्याला गाडी घ्यायची होती, तो कराडला असतो, तेव्हा त्याच्यासोबत महिनाभर फिरलो. त्यात जे जे बघितलं ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडं ही चूक बरेच जण करतात आणि गाडी काय रोज रोज घेत नाही आपण.

आधी ते मेल्यासारखं का होतं ते समजून घ्या. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि तो फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर. इंजिन हळू फिरत असलं की गॅस कमी, टर्बोला ताकद कमी, मग हवा दाबून आत जात नाही, आणि त्या वेळेला तुमची १२० पीएसची गाडी म्हणजे फक्त एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन असतं ज्याला टनभर गाडी, पाच माणसं आणि डिकीतलं गव्हाचं पोतं वर ओढायचंय. म्हणून ब्रोशरमध्ये पॉवरचा आकडा बघू नका, टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) सुरू होतो तो बघा. ह्युंदाई आय ट्वेंटी एन लाईनचा टॉर्क १७२ एनएम आहे आणि तो १५०० ते ४००० आरपीएमपर्यंत मिळतो. टाटा अल्ट्रोझ रेसरचा १७० एनएम, तो १७५० पासून. दोघांची पॉवर तेवढीच, १२० पीएस. कागदावर २५० आरपीएमचा फरक म्हणजे काहीच नाही वाटत, पण वळणावर इंजिन १३०० वर पडलेलं असताना तो फरक पायाला जाणवतो. शिवाय १५०० लिहिलंय म्हणजे १५०० ला लगेच सगळं मिळतं असं नाही, टर्बो वेगात यायला थोडा वेळ लागतोच, आणि प्रत्येक गाडीत तो वेळ वेगळा. तो मोजायला गाडी घाटातच न्यावी लागते.

कशी मोजायची सांगतो. शोरूमला फोन करतानाच सांगा की मला टेस्ट ड्राइव्ह घाटात पाहिजे आणि माणसं भरून पाहिजे. बहुतेक जण सुरुवातीला कां कूं करतात, पेट्रोल, वेळ, मॅनेजरची परवानगी, पण नीट बोललं, सोमवार मंगळवार सकाळची वेळ मागितली, की देतात. नाहीच दिली तर दुसऱ्या गावातल्या शोरूमला विचारा, सातारा नाही तर कराड, कराड नाही तर कोल्हापूर. घाटात गेल्यावर मागंपुढं कुणी नाही असं वळण बघून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन १२००-१३०० वर पडू द्या आणि मग पाय एकदम तळाला न नेता अर्धाच दाबा, आपण घरच्यांना घेऊन चालवताना जसा दाबतो तसा. आणि मनात मोजा, एक, दोन. एकच्या आत गाडीनं उचल घेतली तर उत्तम. दोनपर्यंत गेलं तर सवय करावी लागेल, म्हणजे वळणाआधीच पहिला टाकायला शिकावं लागेल. त्याच्यापुढं गेलं तर घरात जो कोण दुसरा ती गाडी चालवणार आहे, बायको असेल, वडील असतील, त्याला तिथंच स्टेअरिंगवर बसवा आणि त्याला जमतंय का बघा. भाच्याच्या वेळी आम्ही त्याच्या वडिलांना बसवलं. दाजी चाळीस वर्षं गाडी चालवतायत, पण त्यांची सवय जुन्या डिझेलची, लवकर गिअर टाकायचे आणि इंजिन खाली ठेवायचं. टर्बो पेट्रोलला ते चालत नाही.

याच्या उलट साधं, बिनटर्बोचं इंजिन घ्या. २०२४ ला आलेली नवी स्विफ्ट ८२ पीएस आणि ११२ एनएमची आहे, आकडे बघितले तर स्पोर्टीच्या यादीत बसणार पण नाही. पण तिला ती थांबण्याची खोड नाही, पाय जेवढा दाबाल तेवढी येते, हलकी आहे, वळते मस्त. फक्त एक गोष्ट, उंचीवर हवा पातळ होते आणि बिनटर्बोच्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते. सातारा शहरच साधारण ७०० मीटरवर आहे, कास १२०० च्या आसपास, महाबळेश्वर १३०० च्या वर. टर्बो ती हवा बरीचशी भरून काढतो. तेव्हा ज्याचं आठवड्याला पाचगणी महाबळेश्वर असतं त्याला टर्बोचा खरा उपयोग आहे, आणि जो साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा करतो आणि वर्षातनं दोनदा कासला जातो त्यानं जास्तीचे दोन तीन लाख कशाला घालवायचे असं माझं स्पष्ट मत आहे.

गिअरबॉक्सबद्दल थोडं जास्त बोलायला लागेल, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथंच होतो. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी, चालवायला इतका भारी असतो की एकदा चालवला की मॅन्युअल नको वाटतं. पण या साईजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये तो ड्राय क्लचचा असतो, म्हणजे क्लच थंड करायला आतमध्ये तेल नसतं. मोकळ्या रस्त्यावर काही प्रश्न नाही. प्रश्न येतो नाताळच्या सुट्टीत पसरणी घाटात. वाईपासनं पाचगणीपर्यंत गाड्यांची रांग, दोन फूट पुढं, थांब, परत दोन फूट, आणि तेही चढावर. त्या वेळी गाडी क्लच अर्धवट धरून सरकते, क्लच तापतो, वास येतो, आणि मग स्क्रीनवर वॉर्निंग येते की थांबा. डीसीटी घेणार असाल तर दोन सवयी लावून घ्या, एक म्हणजे चढावर गाडी कधीही अॅक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेकच लावायचा, आणि दुसरी, पुढची गाडी एक लांबी पुढं जाऊ द्यायची आणि मग एकदाच पुढं जायचं, इंच इंच सरकायचं नाही. टेस्ट ड्राइव्हला चढावर थांबून बघा, ब्रेक सोडल्यावर हिल होल्ड किती वेळ गाडी धरतो आणि मागं येते का. भाच्याला मी मॅन्युअलच घे म्हणलं, कारण त्याचं कराड ते चिपळूण जाणं येणं असतं, कुंभार्लीत पावसाळ्यात ट्रकच्या मागं अडकलं की अर्धा अर्धा तास तसंच. एन लाईनमध्ये सुरुवातीला बिनक्लचपेडलचा आयएमटी (गिअर हातानं टाकायचा, क्लच आपोआप) यायचा, २०२३ च्या मॉडेलपासनं साधा सहा स्पीड मॅन्युअल आला, आणि रेसर तर आलीच सहा स्पीड मॅन्युअलमध्ये, त्यामुळं चॉईस आहे. फक्त शोरूममध्ये आज कुठलं व्हेरियंट चालू आहे ते विचारा, या गाड्यांच्या याद्या दर सहा महिन्यांनी बदलतात.

चढून झालं की गाडी तिथंच वळवून परत द्यायची घाई करू नका. खरी परीक्षा उतरताना आहे आणि ती कुणीच करत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक कमीत कमी लावा, आणि बघा इंजिन गाडीला धरतंय का. छोट्या टर्बो इंजिनांची धरून ठेवायची ताकद कमी असते, त्यामुळं जुन्या डिझेलवाल्याला गाडी सुटल्यासारखी वाटते. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून, स्टेअरिंगमागं पॅडल असतील तर पॅडलनं गिअर खाली आणून उतरा. खाली आल्यावर ब्रेक पेडल वर जेवढं होतं तेवढ्याच उंचीवर लागतंय का बघा, खोल जायला लागलं किंवा जळका वास आला तर विचार करा. एन लाईनला चारी चाकांना डिस्क आहेत, रेसरला मागं ड्रम आहेत. यावरनं लोक लई भांडतात, पण ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवरच असतो, तेव्हा नुसत्या मागच्या ड्रममुळं गाडी नाकारू नका. त्याहीपेक्षा टायर बघा. एन लाईनला १९५/५५ आर १६ आहे, रेसरला १८५/६० आर १६. पहिला जरा रुंद आणि बुटका, वळणाला चांगला धरतो, दुसऱ्याची भिंत उंच, खड्ड्यात जास्त सोसतो.

आणि हे सोसण्याचं सांगलीकरांनी जास्त मनावर घ्यावं. तुमच्याकडं घाट कमी, दंडोबाचा चढ सोडला तर जवळपास काही नाही, पण तुमची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी दोन वर्षांत लाटा येतात. स्पोर्टी गाडीचं सस्पेन्शन मुद्दाम कडक केलेलं असतं. तेव्हा सांगलीवाल्यानं टेस्ट ड्राइव्ह अशा लाटांच्या रस्त्यावर साठ सत्तरच्या स्पीडनं घ्यावी आणि मागच्या सीटवर बसून घ्यावी, पुढं नाही. पुढं बसून सगळ्या गाड्या चांगल्याच वाटतात. मागं आईला बसवा, गुडघे दुखतात त्यांना बसवा, उतरताना हात धरावा लागतो का बघा.

मागच्या सीटवरनं आठवलं, या स्पोर्टी व्हेरियंटना आतनं सगळं काळं असतं, छत काळं, सीट काळ्या, मागची काच बारीक. दिसायला भारी. पण घाटात लहान पोरं मागं बसली की बाहेरचं नीट दिसत नाही आणि उलट्या होतात. माझ्या धाकटीचं हेच झालं. तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याला मागं बसवूनच घाट करा. आणि ड्रायव्हरच्या जागेवरनं उजव्या वळणाला समोरच्या काचेचा खांब किती आडवा येतो ते पण बघा, काही गाड्यांत तो इतका जाड असतो की वरनं येणारी मोटरसायकल त्याच्यामागं पूर्ण लपते. तुम्हाला मान पुढं काढून बघावं लागत असेल तर सीट खाली वर करून परत बघा, नाही जमलं तर ती गाडी तुमच्या उंचीची नाही.

स्पीड ब्रेकर हा आपल्याकडचा वेगळाच विषय. गावागावात लोकांनी वैतागून घातलेले, उंच आणि पट्टे न मारलेले. एन लाईनचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, अल्ट्रोझचा १६५, पण हा आकडा रिकाम्या गाडीचा. पाच माणसं बसवून तुमच्या गावच्या सगळ्यात वाईट ब्रेकरवरनं हळू नेऊन बघा, खाली घासल्याचा आवाज येतो का. यात लाजायचं काही कारण नाही, दहा बारा लाख आपण देतोय.

रात्रीची टेस्ट मागा. हे मी फार मनापासनं सांगतोय. ऑक्टोबर नोव्हेंबरला कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, एका ट्रॅक्टरला दोन दोन, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढं जाते. ट्रॉली दिसल्यापासनं पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर संपतात, मग गाडी थांबायला सुरुवात होते. एवढ्या लांबचं दिसायला हेडलाईट कसे आहेत हे दिवसा शोरूममध्ये कधीच कळत नाही. संध्याकाळी सातनंतर दिवे नसलेल्या रस्त्याला न्या आणि लो बीमवर रस्त्याच्या डाव्या कडेचं झुडूप किती लांबनं दिसतं ते बघा. पांढरे एलईडी कोरड्या रस्त्यावर झकास दिसतात, पण धुक्यात आणि ओल्या डांबरावर कमी पडतात, त्यामुळं जुलै ऑगस्टमध्ये गाडी बघत असाल तर पावसातच बघा. मोकळा रस्ता बघून, सोबतच्या माणसाला आधी सांगून, ६० वरनं एकदा जोरात ब्रेक मारून बघा. गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे आणि स्टेअरिंग हातात शांत राहिलं पाहिजे.

सेफ्टीचं लोक विचारतात. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेनं, पाच स्टार दिलेले, आय ट्वेंटीला २०२२ मध्ये तीन. हे त्या त्या वेळच्या मॉडेलचे निकाल आहेत, तुम्ही घेताय त्या मॉडेलचा वेगळा निकाल आलाय का ते बघून घ्या. पण ईएससी, म्हणजे घसरायला लागल्यावर गाडीला सावरणारी सिस्टीम, ती तुमच्या व्हेरियंटमध्ये आहे का हे लेखी विचारा. ओल्या घाटात तिच्याशिवाय १२० पीएसची गाडी मी घरच्या पोराच्या हातात देणार नाही.

सेकंडहँड बघणाऱ्यांसाठी. पोलो जीटी टीएसआय आणि बलेनो आरएस, या दोन गाड्यांना आपल्याकडं अजून मागणी आहे. पोलो २०२२ ला बंद झाली, त्यातली २०२० नंतरची एक लिटर टीएसआय ११० पीएस आणि १७५ एनएमची. बलेनो आरएस १०२ पीएस, मागं पण डिस्क. चांगल्या गाड्या आहेत, पण अशा गाडीचा आधीचा मालक बहुतेक वेळा शौकीन असतो. इंजिनचं रिमॅप करून पॉवर वाढवलेली असते, विकताना परत कंपनीचं सॉफ्टवेअर टाकतात, आणि क्लचवर, टर्बोवर पडलेला ताण मात्र तसाच राहतो. सायलेन्सर बदललेला दिसला, एअर फिल्टर बाहेरचा दिसला, बोल्टला पान्याच्या खुणा दिसल्या की सरळ विचारा. सकाळी इंजिन थंड असताना जा, मालकाला आधी स्टार्ट करू देऊ नका, पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर तेल जळतंय. डीएसजी असेल तर क्लचचं काम कधी झालं त्याचं बिल बघा, बिल नसेल तर झालंच नाही असं समजा.

एमएच १० ची गाडी असेल तर पुराचं बघाच. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेलेली, २०२१ ला परत पूर आला, बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या आणि त्यातल्या कितीतरी पुसून पासून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या. सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते, ती कुणी धूत नाही. सीटच्या खालच्या रुळांचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून गाळ आहे का बघा, आणि एसी चालू करून नाक लावा. आणि जुनी टर्बो घेताना पेट्रोलचं पण लक्षात ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जे आपल्याच उसापासनं पण बनतं, पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या कितीतरी गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते वाचा. नव्या गाडीत अडचण नाही, ॲव्हरेज थोडं कमी मिळतं एवढंच.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासनं १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना जीएसटी १८ टक्के झाला, आधी तो २८ आणि वर सेस होता. एक लिटरची टर्बो त्यात बसते, ११९९ सीसीची पण बसते. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला आरटीओ टॅक्स दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांना १२, शिवाय दहा लाखांच्या वर गेलं की एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमवाला आधीच घेऊन सरकारला भरतो तो इन्कम टॅक्स, जो रिटर्न भरताना परत मिळतो. म्हणून एक्स शोरूम किंमत दहाच्या जरा वर जात असेल तर सनरूफचं व्हेरियंट खरंच पाहिजे का ते घरी बसून ठरवा. इन्शुरन्स शोरूमकडनंच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन आणा, रेट लगेच खाली येतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, आणि १००० सीसीच्या वरच्या इंजिनचा हप्ता वेगळ्या स्लॅबमध्ये जातो हे तुलना करताना धरा. सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन गेलं तर भरपाई देणारा जास्तीचा इन्शुरन्स, घ्याच.

शोरूमपेक्षा वर्कशॉपमध्ये जास्त वेळ घालवा असं मी म्हणेन. सकाळी नऊला जाऊन तिथल्या मेकॅनिकला चहाला बोलवा आणि विचारा, या गाडीचं टर्बोचं, गिअरबॉक्सचं काम इथं होतं का पुण्याला पाठवता. १६ इंची टायर फुटला तर गावात मिळतो का मागवावा लागतो. स्टेपनी त्याच साईजची आहे का लहान आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं विक्रीवाल्या पोराकडं नसतात, त्याची चूक नाही, त्याचं ते काम नाही.

भाच्याने शेवटी मॅन्युअलच घेतली. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी आम्ही यार्डात जाऊन गाडी दिवसाउजेडी बघितली, हे तुम्ही पण करा, आणि पासिंगच्या आधीच करा, नंबर पडल्यावर कुणी गाडी बदलून देत नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, २३२४ लिहिलं असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही टायर जवळपास एकाच वेळचे पाहिजेत, गाडी कधीची बनलीय ते चॅसी नंबरवरनं विचारून घ्या आणि त्याच्याशी ते जुळतंय का बघा. किलोमीटर किती झालेत, दरवाज्यांच्या फटी सारख्या आहेत का, बॉनेटखाली कुठं तेलाचा ओलावा आहे का. पहिले हजार किलोमीटर जोरात दाबायची नाही, पण एकाच स्पीडनं पण चालवायची नाही, त्यामुळं पहिली मोठी फेरी हायवेपेक्षा घाटातली बरी. आणि वर कासला पोचलात की लगेच चावी बंद करू नका. अर्धा एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवा, टर्बो चढून चढून तापलेला असतो आणि इंजिन बंद केलं की त्याच्यातलं तेल फिरायचं थांबतं.